मालगुजारी तलाव (भंडारा जिल्हा)

मालगुजारी तलाव हे महाराष्ट्रातील भंडारा जिल्ह्यात व त्याच्या शेजारच्या गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर जिल्ह्यांत आढळणारे, मातीची पाळ घालून बांधलेले पारंपरिक सिंचन तलाव होत. गाव वसवणाऱ्या किंवा गावाचा महसूल भरणाऱ्या घराण्यांनी ते बांधले आणि अनेक पिढ्या त्यांचा सांभाळ केला. ब्रिटिश काळात हे तलाव कायद्याने या मालगुजार घराण्यांच्या मालकीचे ठरले. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपुष्टात आली, तेव्हा त्यांपैकी बहुतेक तलाव शासनाकडे गेले. शासकीय कागदपत्रांत त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘मामा तलाव’ हे नाव लोकांत रूढ झाले आहे.

पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव असल्याचे सांगितले जाते. भंडारा जिल्ह्याची ‘तलावांचा जिल्हा’ ही ओळख मुख्यतः त्यांच्यामुळे आहे. धानाच्या शेतीला संरक्षित पाणी, गुरांना पिण्याचे पाणी, ढिवर समाजाला मासेमारी आणि विहिरींना पाझर असे त्यांचे अनेक उपयोग आहेत. तलावाची मालकी, त्याच्या पाण्यावरचा हक्क आणि त्याच्या दुरुस्तीची जबाबदारी या तीन गोष्टींचा परस्परसंबंध कसा बदलत गेला, हा या तलावांच्या इतिहासाचा मुख्य विषय आहे.

## नाव

‘माल’ म्हणजे जमीन महसूल आणि ‘गुजार’ म्हणजे भरणा करणारा. या फारसी वळणाच्या शब्दावरून, गावाचा महसूल सरकारजमा करण्याची हमी घेणाऱ्या व्यक्तीस ‘मालगुजार’ म्हणत. हा शब्द मध्य प्रांतातील महसूल व्यवस्थेत विशेष रूढ झाला. कोकणातील खोताशी मालगुजाराचे काही बाबतींत साम्य होते. दोघेही रयत आणि सरकार यांच्यामध्ये उभे असत आणि वसुलीतील काही भाग स्वतःकडे ठेवत. मात्र मध्य प्रांतातील मालगुजारास गावाचा मालक म्हणून स्पष्ट कायदेशीर दर्जा मिळाला. गावातील तलाव, जंगल, गावठाण आणि पडीक जमीन त्याच्या मालकीत समाविष्ट झाली.

तलावाहून लहान, बहुधा एका शेतकऱ्याच्या किंवा काही मोजक्या शेतांच्या उपयोगी पडणाऱ्या जलाशयास या भागात ‘बोडी’ म्हणतात. बोड्या मालगुजारांप्रमाणेच सामान्य शेतकऱ्यांनीही स्वतःच्या जमिनीत बांधल्या. त्यांपैकी पुष्कळ आजही खासगी मालकीच्या आहेत.

## भौगोलिक पार्श्वभूमी

भंडारा जिल्हा वैनगंगा नदीच्या खोऱ्यात वसलेला आहे. वैनगंगा व तिच्या चुलबंद, सूर, बावनथडी इत्यादी उपनद्या या प्रदेशातून वाहतात. जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे सात तालुके आहेत. पूर्वी गोंदियाचा प्रदेशही याच जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे जुन्या गॅझेटियरांत ‘भंडारा जिल्ह्यातील’ म्हणून वर्णिलेले काही प्रसिद्ध तलाव आज गोंदिया जिल्ह्यात मोडतात.

या भागात वर्षाला सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. हा पाऊस धानासाठी एकूण प्रमाणात पुरेसा असला तरी तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि मध्येच खंडही पडतो. रोवणी लांबली किंवा लोंबी भरण्याच्या सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पावसाने दडी मारली तर उभे पीक हातचे जाते. उशिरा पिकणाऱ्या, म्हणजेच ‘भारी’ धानाला हा धोका अधिक असतो. अशा वेळी एक-दोन पाणी देता यावे, हा तलावांचा मूळ हेतू होय.

येथील भूरचना तलावांना अनुकूल आहे. कठीण, प्राचीन खडकांवर वसलेला हा प्रदेश हलक्या उतारांचा असून त्यात ठिकठिकाणी बुटक्या टेकड्या आहेत. दोन टेकड्यांमधील किंवा दोन उंचवट्यांमधील खोलगट भाग मातीच्या पाळीने अडवला की कमी श्रमात मोठा जलसाठा तयार होतो. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या आवृत्तीत भंडारा जिल्ह्यात साडेतीन हजारांहून अधिक लहानमोठे तलाव असल्याची नोंद असून या भागाला नागपूरचा ‘सरोवर प्रदेश’ म्हटले आहे.

## रचना

मालगुजारी तलावाचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात.

* पाळ: पाणी अडवणारा मातीचा बांध. झाडीपट्टीत यास ‘पार’ असेही म्हणतात. पाळ एक किंवा अधिक बाजूंनी असते. उरलेल्या बाजूस नैसर्गिक चढ असतो. पाळीवर मोठी झाडे राखण्याची प्रथा होती.
* तुडूम: पाळीतून शेताकडे पाणी सोडण्याची जागा. पूर्वी लाकूड व दगड वापरून तुडूम तयार करत. पाण्याची पातळी उतरेल तसे खालचे तोंड उघडत.
* सलंग: तलाव भरल्यावर जादा पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेला सांडवा. तो बहुधा पाळीच्या टोकाशी, खडकाळ जागी असतो, म्हणजे वाहत्या पाण्याने पाळ कापली जात नाही.
* पाट किंवा नहर: तुडुमातून निघालेले पाणी शेतापर्यंत नेणारी चारी. धानाच्या शेतांतील ‘बांध्या’ उतारावर पायऱ्यांसारख्या असल्याने पुष्कळ ठिकाणी पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत सोडले जाते.

एकाच ओहोळावर एकाखाली एक असे अनेक तलाव बांधलेले आढळतात. वरच्या तलावाच्या सलंगातून निघालेले पाणी खालच्या तलावात जाते आणि वरच्या शेतांचा निचराही तेथेच पोहोचतो. अशा साखळीतील एक तलाव फुटला किंवा त्याचा सलंग उंच केला गेला तर त्याचा परिणाम खालच्या सर्व गावांवर होतो. त्यामुळे तलावाची मालकी एका घराण्याकडे असली तरी त्याच्या पाण्याचा प्रश्न केवळ त्या घराण्यापुरता कधीच नव्हता.

पाणी उतरल्यानंतर उघड्या पडणाऱ्या काठच्या जमिनीत हिवाळी पिके घेतली जात. अशा लागवडीस ‘गाळपेर’ म्हणतात. साचलेला गाळ उन्हाळ्यात बैलगाड्यांतून शेतात नेण्याचीही पद्धत होती. त्यामुळे शेताला खत मिळे आणि तलावाची खोली टिकून राही.

## इतिहास

### गोंड राजवट

तलाव बांधण्याच्या परंपरेची सुरुवात गोंड राजांच्या काळात झाली असे मानले जाते. चांद्याच्या (सध्याच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांविषयी पुढील परंपरा सांगितली जाते: जो जंगल तोडून गाव वसवील त्यास त्या गावाचा हक्क मिळेल आणि जो तलाव बांधील त्यास त्या तलावाच्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन साऱ्याशिवाय मिळेल. तलावाच्या मोबदल्यात दिलेल्या अशा जमिनीस ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरातील एका वस्तीच्या नावात हा शब्द अद्याप टिकून आहे.

तलाव बांधणाऱ्यांत कोहळी समाजाचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात कोहळ्यांचे वर्णन वैनगंगा खोऱ्यातील मोठ्या तलावांचे निर्माते असे केले आहे. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांना आपल्यासोबत आणले, अशी त्यांच्यातील परंपराही त्या ग्रंथात नोंदवलेली आहे. कोहळी हे ऊस पिकवण्यात निष्णात होते. उसाला बारमाही पाणी लागत असल्याने तलाव ही त्यांच्या शेतीची गरज होती. पुढे उसाचे क्षेत्र आक्रसले आणि तलावांचे पाणी प्रामुख्याने धानासाठी वापरले जाऊ लागले. कोहळ्यांखेरीज पोवार, कुणबी, लोधी, ब्राह्मण इत्यादी समाजांतील मालगुजारांनीही तलाव बांधले किंवा जुने तलाव वाढवले.

### भोसले काळ

अठराव्या शतकाच्या मध्यास हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आला. या काळात गावाचा कारभार व महसुलाची वसुली पाटलाकडे असे. पाटील गावाची लागवड वाढवी, रयतेस बी-बियाण्यासाठी उचल देई आणि तलाव दुरुस्त ठेवी. गावाचा महसूल पिकावर आणि पीक तलावावर अवलंबून असल्याने, तलाव राखणे हे पाटलाच्या स्वतःच्या हिताचे होते. मात्र त्यास गावाची पूर्ण मालकी नव्हती. महसूल न भरल्यास गाव दुसऱ्याकडे सोपवले जाऊ शकत असे.

### ब्रिटिश काळ

तिसरे रघूजी भोसले यांचे डिसेंबर १८५३ मध्ये निधन झाल्यावर नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाली. त्यानंतरच्या जमाबंदीत गावाचा महसूल भरणाऱ्या पाटलांना मालगुजार म्हणून गावाचे मालकी हक्क देण्यात आले. हा बदल मूलगामी होता. जो तलाव तोवर राजाच्या अनुमतीने आणि गावाच्या वहिवाटीने चालत असे, तो आता एका घराण्याच्या नावावर नोंदलेली, वारसांत वाटली जाणारी, गहाण टाकता येणारी आणि विकताही येणारी मालमत्ता बनला.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी मध्य प्रांताला मोठा तडाखा दिला. त्यानंतर नेमलेल्या भारतीय सिंचन आयोगाच्या (१९०१-०३) काळापासून सरकारनेही या भागात मोठी सिंचनकामे हाती घेतली. तत्कालीन भंडारा जिल्ह्यातील बोदलकसा आणि चोरखमारा हे जलाशय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अशा सरकारी कामांपैकी होत. तथापि गावोगावचे सिंचन मालगुजारी तलावांवरच चालत राहिले.

## मालकी आणि वहिवाट

मालगुजारी गाव अनेकदा एका व्यक्तीचे नसून संपूर्ण कुटुंबाचे असे. एकत्र कुटुंब विभक्त झाले की गावाचे हिस्से पडत. संपूर्ण गाव म्हणजे सोळा आणे मानून कोणाकडे आठ आणे, कोणाकडे चार आणे, तर कोणाकडे त्याहून कमी हिस्सा असे. पिढ्या वाढत गेल्या तसे पै-दोन पैचे हिस्सेदारही निर्माण झाले. हिस्सेदारांतर्फे सरकारशी व्यवहार करणाऱ्या आणि महसूल भरण्यास जबाबदार असणाऱ्या हिस्सेदारास ‘लंबरदार’ म्हणत. शेतजमिनीची वाटणी करता येत असे, पण तलावाची प्रत्यक्ष वाटणी शक्य नव्हती. त्यामुळे तलाव बहुधा सामाईक राही आणि त्याचा कारभार लंबरदार पाही.

मालगुजाराची स्वतःच्या कसणुकीतील जमीन ‘सीर’ आणि ‘खुदकाश्त’ या नावांनी नोंदली जाई. तलावालगतची, पाण्याची उत्तम सोय असलेली जमीन बहुधा याच प्रकारात मोडे. तरीही तलावाच्या पाण्यावर केवळ मालगुजाराचा अधिकार नसे. गावातील रूढी व वहिवाटींची नोंद जमाबंदीच्या वेळी ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात केली जाई. कोणत्या शेतांना कोणत्या तलावातून पाणी मिळते, गुरांना पाणी कोठे पाजायचे आणि पाळ व पाट यांच्या दुरुस्तीत कोणी काय करायचे, याविषयीच्या प्रथा त्यात येत. घरगुती वापर, गुरेढोरे, सरपण, चराई इत्यादी गरजांसाठी गावकऱ्यांना असलेल्या हक्कांना ‘निस्तार हक्क’ म्हणत.

या व्यवस्थेत मालक, कूळ आणि मजूर यांची गाठ तलावाशी घट्ट बांधलेली होती. पाळ फुटली तर गाव जमा होई. तुडूम केव्हा उघडायचा आणि कोणत्या शेतापासून पाणी द्यायचे, हे ठरलेले असे. मात्र या व्यवस्थेचे केवळ गौरवपर चित्र रंगवणे अपुरे ठरते. तलावावर लागणारे श्रम मुख्यतः कुळांचे व भूमिहीनांचे असत. मालगुजारीतील बिनमोबदला कामाची, म्हणजेच वेठबिगारीची प्रथा सर्वज्ञात होती. पाण्याच्या वाटपात मालगुजाराच्या सीर जमिनीला प्राधान्य मिळणे स्वाभाविक होते आणि पाण्यावरील ताबा हे गावावरील सत्तेचे एक साधन होते.

## मालकी हक्कांचे निरसन

स्वातंत्र्यानंतर देशभर जमीनदारी व तत्सम मध्यस्थ पद्धती रद्द करण्याचे कायदे झाले. मुंबई राज्यात खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ साली झाला. त्या वेळी भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेश राज्यात होता आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. तेथील विधिमंडळाने इस्टेटी, महाल व अन्यसंक्रांत जमिनी यांवरील मालकी हक्क नष्ट करणारा १९५० चा अधिनियम संमत केला. १९५१ चा कायदा क्रमांक १ म्हणून तो अमलात आला आणि ३१ मार्च १९५१ या दिवशी मालगुजारांचे हक्क शासनाकडे निहित झाले.

या कायद्यास न्यायालयात आव्हान देण्यात आले. दरम्यान, १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने निर्माण झालेल्या नवव्या अनुसूचीत त्याचा समावेश झाला. अहेरीच्या जमीनदारांनी दाखल केलेल्या विश्वेश्वर राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली हा कायदा वैध ठरवला.

तलावांच्या दृष्टीने या कायद्याची कलमे ४ आणि ५ महत्त्वाची आहेत. कलम ४ नुसार गावातील शेतीयोग्य व पडीक जमीन, गवती राने, जंगल, झाडे, मत्स्यस्थाने, तलाव, तळी, पाण्याच्या वाटा, गावठाण, हाट व बाजार यांवरील मालगुजाराचे सर्व हक्क शासनाकडे गेले. कलम ५ मध्ये यास अपवाद सांगितले आहेत. त्यानुसार पुढील तलाव पूर्वीच्या मालकाकडे राहिले:

* ज्या जमिनी कोणाच्या ताब्यात व वहिवाटीत होत्या, अशा जमिनीतील तलाव,
* गावठाण व वहिवाटीची जमीन वगळून अन्य जमिनीवर असलेले, पण ज्यांत मालकाखेरीज इतर कोणासही सिंचनाचा हक्क नव्हता असे तलाव,
* अशाच अन्य जमिनीवरील, पण ज्यांच्या पोटात मालक किंवा अन्य व्यक्ती लागवड करत होती असे तलाव व बंधारे.

यांतील दुसरा निकष निर्णायक ठरला. इतर शेतकऱ्यांना पाणी देणारा गावाचा मोठा तलाव शासनाचा झाला, तर केवळ स्वतःच्या शेतास पाणी देणारा तलाव घराण्याकडे राहिला. तलावाची मालकी, तो कोणी बांधला यापेक्षा त्याचे पाणी कोण वापरत होते यावर ठरली. मालगुजारांना कायद्यानुसार भरपाई देण्यात आली आणि त्यांच्या घरच्या कसणुकीतील जमिनी ‘मालिक-मकबुजा’ हक्काने त्यांच्याकडे राहिल्या.

## व्यवस्थापनाचे हस्तांतर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी ते महाराष्ट्राचा भाग झाले. १९६१ च्या कायद्यान्वये १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. त्यानंतर लहान तलावांचा कारभार जिल्हा परिषदांच्या लघु पाटबंधारे विभागाकडे आला. सामान्यतः १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे तलाव राज्य शासनाच्या संबंधित विभागाकडे अशी विभागणी आहे.

या हस्तांतराने वेठबिगारी व मालगुजाराची मक्तेदारी संपली, हा त्याचा मोठा लाभ होय. मात्र दैनंदिन देखभालीची जुनी यंत्रणाही त्याबरोबर मोडली. लंबरदाराचा अधिकार गेला आणि त्याच्या जागी गावात तितकीच जवळची दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही. पाळीला पडलेले लहान भगदाड पूर्वी त्याच दिवशी माती टाकून बुजवले जाई. आता त्यासाठी अंदाजपत्रक, मंजुरी व निधी यांची वाट पाहावी लागू लागली. तलाव शासनाचा, पाणी शेतकऱ्यांचे, मासे सहकारी संस्थेचे आणि काठची जमीन महसूल विभागाची, अशी अधिकारांची विभागणी झाली. त्यामुळे संपूर्ण तलावाची जबाबदारी असलेला एकच घटक उरला नाही.

खासगी राहिलेल्या तलाव व बोड्यांच्या बाबतीत निराळी अडचण उद्भवली. वारसांची संख्या वाढत गेली आणि सातबाऱ्यावर अनेक नावे चढली. काही वारस शहरांत स्थायिक झाले. दुरुस्तीचा खर्च कोणी करावा यावर एकमत होणे अवघड झाले. काही बोड्या बुजवून त्यांची धानाची शेते करण्यात आली.

## ऱ्हासाची कारणे

मालगुजारी तलावांची साठवणक्षमता घटण्यामागे पुढील कारणे सांगितली जातात.

* गाळ: पाणलोट क्षेत्रातील झाडोरा कमी झाल्याने पावसाबरोबर अधिक माती वाहून येते. गाळ शेतात नेण्याची जुनी पद्धत रासायनिक खतांच्या प्रसारानंतर मागे पडली.
* अतिक्रमण: काठावरील गाळपेर जमीन हंगामी न राहता कायमची शेती बनते. तलाव पूर्ण भरला की ही शेते बुडतात. त्यामुळे पाणी कमी पातळीवर ठेवण्याचा आग्रह धरला जातो.
* उपद्रवी वनस्पती: बेशरम या परदेशी झुडपाने अनेक तलावांचे काठ व्यापले आहेत. त्याने स्थानिक पाणवनस्पतींची जागा घेतली आहे.
* तुडूम व पाट यांची मोडतोड: साठा असूनही शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही.
* पर्यायी साधने: विंधन विहिरी व विजेचे पंप आल्यावर ज्यांना शक्य होते त्या शेतकऱ्यांचे तलावावरील अवलंबन घटले आणि तलाव राखण्यातील त्यांचा रसही कमी झाला.

## मासेमारी आणि जैवविविधता

ढिवर समाजाचा तलावांशी असलेला संबंध जुना आहे. मालगुजारी काळात मासेमारीचा अधिकार मालगुजाराच्या परवानगीने व काही मोबदल्यात मिळत असे. शासनाकडे तलाव आल्यानंतर मच्छीमार सहकारी संस्था स्थापन झाल्या आणि त्यांना तलाव ठेक्याने देण्याची पद्धत सुरू झाली. या संस्था कटला, रोहू, मृगळ अशा जलद वाढणाऱ्या माशांचे बीज सोडतात. मरळीसारखे स्थानिक मासे उथळ, वनस्पतींनी भरलेल्या काठाशी वाढतात. असे काठ नष्ट झाल्यावर त्यांचे प्रमाण घटते.

सिंचन आणि मासेमारी यांच्या हितसंबंधांत अनेकदा संघर्ष असतो. धानासाठी तलाव रिकामा केला तर मासे मरतात. पाणी राखले तर शेतकऱ्यांची तक्रार येते. म्हणून उन्हाळ्यात किमान किती साठा ठेवावा, हा गावपातळीवरील वाटाघाटीचा विषय ठरतो.

तलाव व त्यांभोवतालची धानाची शेते ही पाणपक्ष्यांची महत्त्वाची वसतिस्थाने आहेत. महाराष्ट्रात दुर्मीळ झालेला सारस क्रौंच आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात आणि अल्प संख्येने भंडारा जिल्ह्यात आढळतो. हा पक्षी धानाच्या बांध्यांत घरटे करतो आणि तलावांच्या उथळ काठांवर चरतो.

## नवेगावबांध

एका घराण्याच्या नावाशी जोडलेल्या तलावांमध्ये नवेगावबांध हा सर्वांत प्रसिद्ध आहे. पूर्वी भंडारा जिल्ह्यात असलेला हा तलाव आता गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. परंपरेनुसार तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. रसेल व हिरालाल यांनी नोंदवलेल्या कथेनुसार, दिवसा मजूर काम करून परतले की तलावाभोवतीच्या डोंगरांवरील सात बहिणी या देवता रात्री येऊन पाळीवर माती टाकत. कोलू पाटलांना पुढे ‘कोलासूर’ या नावाने देवत्व प्राप्त झाले आणि तलावाजवळच्या टेकडीवर त्यांचे ठाणे आहे.

सुमारे ११ चौरस किलोमीटर विस्ताराच्या या तलावात मालडोंगरी नावाचे बेट आहे. १९७५ साली तलावालगतच्या वनक्षेत्रास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. एका पाटलाच्या नावाने ओळखला जाणारा सिंचन तलाव अशा प्रकारे संरक्षित वनक्षेत्राच्या परिसराचा भाग बनला. या परिसरात दीर्घकाळ वनाधिकारी राहिलेले लेखक मारुती चितमपल्ली यांच्या ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकामुळे हा तलाव मराठी वाचकांना परिचित झाला.

‘बांध’ हे पद गावाच्या नावातच सामावल्याची आणखी उदाहरणे म्हणजे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील शिवनीबांध आणि गोंदिया जिल्ह्यातील सिरेगावबांध. या नावांवरून गाव आणि तलाव यांची ओळख एकच असल्याचे दिसते.

## पुनरुज्जीवन

माजी मालगुजारी तलावांची दुरुस्ती विविध शासकीय योजनांतून करण्यात आली आहे. रोजगार हमी योजनेतून गाळ काढणे व पाळ मजबूत करणे ही कामे होत आली. २०१४ नंतर जलयुक्त शिवार अभियानात या तलावांचा समावेश झाला. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने गाळ शेतात नेण्याच्या जुन्या पद्धतीस नव्या स्वरूपात चालना दिली.

यंत्राने सरसकट खोलीकरण करण्यावर अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत. सर्वत्र एकसारखी खोली केल्यास उथळ काठ व त्यांवरील पाणवनस्पती नाहीशा होतात आणि माशांच्या प्रजननाच्या जागा उरत नाहीत. तळाचा चिकणमातीचा थर खोदला गेल्यास पाणी झिरपून जाण्याचाही संभव असतो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ढिवर समाजाच्या सहभागाने बेशरम काढणे, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणे आणि स्थानिक माशांचे संवर्धन करणे अशी कामे केली आहेत. कोणती वनस्पती कोणत्या माशाला उपयोगी पडते याविषयीचे ढिवरांचे पारंपरिक ज्ञान हा या कामाचा आधार होय.

अतिक्रमणांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०११) हा निकाल महत्त्वाचा मानला जातो. गावतळ्याच्या जागेवरील अतिक्रमणातून उद्भवलेल्या या प्रकरणात न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले.

## मूल्यमापन

मालगुजारी तलावांकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. एका मतानुसार, घराण्याची मालकी हीच तलाव टिकण्याचे कारण होती. ज्याचे उत्पन्न तलावावर अवलंबून होते तो तलावाची काळजी घेत असे आणि ही मालकी जाताच तलाव निराधार झाले. दुसऱ्या मतानुसार, तलाव टिकले ते मालकाच्या नावामुळे नव्हे, तर गावाच्या श्रमामुळे आणि वाजिब-उल-अर्जात नोंदलेल्या वहिवाटींमुळे. १९५१ नंतर मालक बदलला, पण त्या वहिवाटींना नव्या व्यवस्थेत स्थान मिळाले नाही, हे ऱ्हासाचे खरे कारण होय.

तमिळनाडूतील तलावांच्या देखभालीची ‘कुडिमरामत्तु’ ही सामूहिक श्रमाची पद्धत, तसेच ओडिशातील संबलपूर भागात गावप्रमुख गौंतियांनी बांधलेले ‘कटा’ तलाव यांच्या इतिहासातही असेच प्रश्न आढळतात. भंडाऱ्याच्या संदर्भात १९५० च्या कायद्याने स्वीकारलेला निकष या चर्चेत लक्षणीय आहे. ज्या तलावाच्या पाण्यावर इतरांचाही हक्क आहे तो एका घराण्याचा राहू शकत नाही, हे त्या कायद्याने मान्य केले. पाण्याचा हक्क असलेल्या गावकऱ्यांनी तलाव कसा सांभाळावा याची तजवीज मात्र पुढील काळात अपुरी राहिली. पाणी वापर संस्था, मच्छीमार संस्था आणि ग्रामपंचायत यांचे अधिकार व कर्तव्ये एकत्र कशी बसवावीत, हा आज या तलावांपुढील प्रमुख प्रश्न आहे.